घामाने वाढणारं रक्त

कार्बन मोनॉक्साइड हुंगून दम वाढवण्याच्या प्रकारावर 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 1 जानेवारी 2026 पासून बंदी घातली, हे एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आलं आहे. सायकलिंगच्या जागतिक महासंघाने तर फेब्रुवारी 2025 मध्येच त्याला लगाम घातला होता. चर्चा सगळी त्या विषारी वायूची झाली. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती उष्णता. वायूकडून हिमोग्लोबिन वाढवण्याची जी अपेक्षा होती, ती साधा घामही पुरी करून दाखवतो, आणि त्यावर कुणाची हरकत नाही.

नॉर्वेतले क्रीडाशास्त्रज्ञ बेंट रोनेस्टाड यांचा 2021 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. 38 अंशांच्या आसपास तापवलेली खोली, हवेत 65 टक्के आर्द्रता, म्हणजे मे महिन्यातल्या कोकणालाही मागे टाकणारा उकाडा. त्यात जागच्या जागी सायकल, रोज 50 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. अकरा कसलेले सायकलपटू तिथे घाम गाळत होते, बारा जण तोच सराव गारव्यात करत होते. शेवटी गरम खोलीतल्यांच्या अंगातलं एकूण हिमोग्लोबिन सरासरी 42 ग्रॅमनी वाढलं, गारव्यातल्यांचं जेमतेम सहा. एकूण साठा नऊशे ग्रॅमच्या घरातला, म्हणून 42 ग्रॅम ही मोठी कमाई. तेवीसच खेळाडू होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे घडतं कसं? भरपूर घाम जाऊ लागला की शरीर काही दिवसांतच रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वाढवतं. आमटीत पाणी ओतावं तसं: डाळ तेवढीच, आमटी पातळ. या दिवसांत तपासणी केली तर रिपोर्टात हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतं आणि घरचे घाबरतात. मूत्रपिंडाला मात्र हा पातळपणा खटकतो. ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि अस्थिमज्जा नव्या तांबड्या पेशी घडवायला लागते. डाळ वाढते. पण त्याला आठवडे लागतात. आठ-दहा दिवसांच्या सरावाने उन्हाची सवय होईल, रक्त वाढणार नाही.

तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून उंचीवर सराव करायला आपले धावपटू उटी गाठतात. उष्णता तर आपल्या दारात आहे. तरीही एप्रिलच्या भर दुपारी डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळणं म्हणजे हा सराव अजिबात नव्हे. इथे वेग मुद्दाम कमी ठेवतात, शरीराचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास राखतात, सोबत कुणीतरी लक्ष ठेवून असतं. ते चाळीस अंशांपलीकडे गेलं की उष्माघाताची हद्द सुरू होते.

शिवाय लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आपल्या मैदानांवर धावणाऱ्या मुली याच घरांतून येतात. अंगात लोहच नसेल, तर मूत्रपिंडाने कितीही हाका मारल्या तरी मज्जा पेशी घडवणार कशातून? प्रशिक्षकांना म्हणूनच कळकळीची विनंती: मुलींना उष्णतेच्या सरावात उतरवण्याआधी त्यांचं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा, तपासून घ्या. कमी निघालं तर आधी डॉक्टरांकडे न्या, सराव नंतर.