जुन्या रिळातील दोन धडे

मासे धरण्याच्या गळाचे जुने, कुरकुरणारे रीळ स्वस्तात मिळाले तर अवश्य घ्यावे. त्यात यंत्रशास्त्राचे दोन उत्तम धडे असतात.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचे पेटंट घेतले. गळ फेकताना यातील फिरकी फिरतच नाही. बॉबिनवरून सूत निघावे तसा दोर तिच्या कडेवरून निसटतो. त्यामुळे फिरकीचे जडत्व आड येत नाही.

रीळ उघडून सुटे भाग काढलेल्या क्रमाने कागदावर मांडा. कुरकुरीचे कारण बहुधा सुकलेले ग्रीस असते. दंतचक्रे रॉकेलने, विस्तवापासून दूर बसून, धुवा. पुसून नवे ग्रीस बेताने लावा. आता दात मोजा. मोठ्या चक्राला ५० व लहानाला १० असतील, तर मुठीच्या एका फेऱ्यात दोर गुंडाळणारी कमान पाचदा फिरते. फिरकीचा व्यास ४.५ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे १४ सेंमी, असेल तर ७० सेंमी दोर आत येतो.

दुसरा धडा घर्षण-चकत्यांचा. माशाने जोर केला की त्या घसरतात व दोर सुटतो. त्यांचे आघूर्ण जवळजवळ स्थिर असते. पण दोर सुटताना गुंडाळीची त्रिज्या घटते आणि ताण वाढतो. त्रिज्या दोन-तृतीयांश उरली की ताण दीडपट! चार किलो सोसणारा दोर तीन किलोला सुटेल असा ठेवला, तर तेव्हा साडेचार किलोचा ताण येऊन तो तुटेल. म्हणून एक किलोच ठेवावा. भरलेली व अर्धी रिकामी फिरकी ताणकाट्याने ओढून हे स्वतः पडताळून पाहा.