व्यसनप्रतिबंध : उपदेशाऐवजी संवाद

वैतरणेपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यातून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा रुग्ण ‘मी दारू पितो’ अशी तक्रार घेऊन कधीच येत नाही. तो पोटात जळजळ होते म्हणून येतो, मोटारसायकलवरून पडला म्हणून येतो, किंवा रात्रपाळीनंतर झोप लागत नाही म्हणून. केसपेपरवर औषध लिहिले जाते आणि मूळ प्रश्न रुग्णाबरोबरच घरी परततो. पिणे वाढत असताना, परंतु व्यसन पुरते जडण्यापूर्वी, अशा रुग्णाशी बोलण्याची जी पद्धत रुग्णालयाने स्वीकारली आहे, तिची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांना व्हावी, या हेतूने हे टिपण.

पूर्वी आम्हीही व्यसनविरोधी कार्य म्हणजे शिबिर, भाषण, खराब यकृताचे चित्र आणि शेवटी सामुदायिक शपथ, असेच समजत होतो, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. अहवालासाठी छायाचित्र उत्तम मिळे. मात्र शपथ मोडलेला माणूस पुढे लाजेने रुग्णालयाची पायरी टाळी; जखमेच्या ड्रेसिंगलाही येत नसे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्या साह्याने विस्तारलेली ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही पद्धत याच्या उलट आहे. तिला आपण प्रेरक संवाद म्हणू. पिणाऱ्याच्या मनात सोडावे आणि सोडू नये, असे दोन्ही विचार एकाच वेळी नांदत असतात. आपण ‘सोडा’ या बाजूने वाद घालू लागलो की तो साहजिकच दुसऱ्या बाजूचा वकील होतो. म्हणून समुपदेशकाने वाद घालावयाचा नाही. प्रश्न विचारावयाचा, ऐकावयाचे आणि ऐकलेले त्याच्यापुढे पुन्हा ठेवावयाचे.

उदाहरणार्थ, एखाद्या कंत्राटी कामगाराला समुपदेशक विचारतात, “भाऊ, घेतल्याने तुम्हाला बरं काय वाटतं?” दारूविषयी असा प्रश्न रुग्णालयात कोणी विचारील, ही त्याची अपेक्षाच नसते. तो सांगतो, “अंग दुखायचं थांबतं, झोप लागते.” मग, “आणि त्रास कशाचा होतो?” “पगाराच्या दिवशी घरात भांडण होतं.” “म्हणजे झोप हवी आहे, पण भांडण नको आहे.” पुढे शून्य ते दहा या मोजपट्टीवर पिणे कमी करणे किती महत्त्वाचे वाटते, असे विचारले जाते. तो म्हणतो, “चार.” समुपदेशक विचारतात, “दोन का नाही?” आम्हा हिशेबी माणसांना हा प्रश्न प्रथम उलटाच वाटला, आम्ही ‘आठ का नाही?’ असे विचारले असते. पण ‘आठ का नाही’ म्हटले की माणूस न सोडण्याची कारणे देतो, आणि ‘दोन का नाही’ म्हटले की सोडण्याची. “पोरगी दहावीला आहे,” हे वाक्य त्याच्या तोंडून आले की त्याचे मोल आमच्या दहा भाषणांहून अधिक. आरोग्यविषयक माहितीही “सांगू का?” असे विचारूनच दिली जाते.

याचा उपयोग किती? गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेरक संवादावर आधारित, जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तींनी केले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुषांचे पिणे घातक पातळीखाली आले होते. म्हणजे बहुसंख्यांत अपेक्षित बदल झाला नाही, हेही खरे. तरीही इतक्या अल्प खर्चात शंभरामागे दहा माणसांचा फरक आम्हाला लहान वाटत नाही.

ज्याचे हात सकाळी दारूविना थरथरतात, त्याच्यासाठी मात्र हा संवाद पुरेसा नाही. अशा व्यक्तीची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. आप्तांनी त्यास प्रथम डॉक्टरांकडे आणावे. दीर्घ उपचारांसाठी १९८६ पासून कार्यरत असलेले पुण्याचे ‘मुक्तांगण’ आहे, तसेच केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे.

“मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा,” अशी विनंती माताभगिनी आम्हास आजही करतात. त्यांची व्यथा आम्ही जाणतो; तरीही शपथ घालत नाही, कारण ती मोडल्यावर मुलाच्या जिवाची भीतीही त्या घरात शिरते.

विश्वस्त मंडळाच्या सभेत या समुपदेशनाचे फलित काय, असा प्रश्न आला होता. शस्त्रक्रियेची संख्या देता येते. न झालेल्या अपघाताची जमेच्या बाजूस नोंद करता येत नाही. सध्या हे बोलणे ड्रेसिंगच्या खोलीत पडद्याआड चालते आणि पलीकडच्या बाकावरील शेजाऱ्याला सर्व ऐकू जाते. त्यामुळे कित्येक रुग्ण ‘कधीतरी घेतो’ एवढेच सांगून उठतात. आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात आम्ही समुपदेशकाचे मानधन आणि दार बंद होईल अशी एक छोटी खोली, एवढ्या दोनच बाबी मागितल्या आहेत.