कानातली गोगलगाय

कान तपासून आलेल्या माणसाच्या कागदावर पुष्कळदा ‘कॉक्लिया’ असा शब्द लिहिलेला असतो. हे एखाद्या रोगाचे नाव असावे, असे वाटून घरची माणसे घाबरतात. पण कॉक्लिया हा आपणां सर्वांच्या कानात असलेला एक अवयव आहे. या नावाचा अर्थ येथे सांगावा, असे आम्हांस वाटते. तो कळला म्हणजे कानाची काळजी का घ्यावयाची, हेही समजते.

पावसाळ्यात भाजीच्या वाफ्यांत येणारी गोगलगाय आपण ओळखतो. तिला ग्रीक भाषेत ‘कोख्लियास’ म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘कॉक्लिया’ शब्द आला. इटलीतील गाब्रिएले फालोप्पियो यांनी १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या शरीररचनेवरील ग्रंथात कानातील या अवयवाला हे नाव दिले. फालोप्पियो हे मोडेना येथील कॅथेड्रलचे कॅनन झाले होते. पुढे ते पाडुआच्या विद्यापीठात शिकवीत. मराठी शालेय पुस्तकांत याच अवयवाला ‘कर्णावर्त’ म्हणतात. आवर्त म्हणजे वळसा.

नाव अगदी चपखल आहे. हाडात कोरलेली ही नळी गोगलगायीच्या कवचाप्रमाणे सुमारे अडीच वळसे घेते. ती सरळ केली, तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. आत द्रव असतो. आवाजाने कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन इवलीशी हाडे हलतात आणि या द्रवात लाटा उठतात.

नळीत ऐकण्याच्या पेशींची रांग असते. १८५१ साली आल्फोन्सो कोर्ती या इटालियन संशोधकाने या भागाचे वर्णन केले. प्रत्येक कानात अशा सुमारे १५ हजार पेशी असतात. त्यांच्या टोकांना सूक्ष्म केस असतात, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. वाऱ्याने भाताची रोपे लवावीत, तसे हे केस लाटेने लवतात आणि मज्जातंतूतून मेंदूला संदेश जातो.

शेतातला भात आडवा झाला, तर पुढच्या साली पुन्हा लावता येतो. माणसाची केसपेशी मेली, की पुन्हा उगवत नाही. मळणीयंत्र, पंपाचे इंजिन, सणाचे फटाके, लाउडस्पीकर यांच्या मोठ्या आवाजाने या पेशी मरतात. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात. म्हणूनच असा माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.”

तेव्हा वाचकांना आमची विनंती अशी :

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा. यंत्रावर काम करताना कानात योग्य बोळे घालावेत. साधा कापूस पुरत नाही. मुलांना लाउडस्पीकरच्या तोंडाशी उभे करू नये. कानात शिट्टी वाजू लागली, तर तपासणी करावी. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर तेल घालून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण उशीर झाल्यास उपचाराचा उपयोग कमी होतो. बाळ आवाजाने दचकत नसेल, तर त्याचीही तपासणी लवकर करावी.

केसपेशी निकामी झालेल्या काही जणांना ‘कॉक्लियर इम्प्लांट’ या यंत्राने ऐकू येऊ शकते. त्याची बारीक तार याच वळशांत बसवतात. मात्र देवाने दिलेली गोगलगाय जपणे, हे त्याहून केव्हाही सोपे.