मिडी स्वरनोंदींचे संपादन व क्वांटायझेशन

संगणकावर नोंदवलेल्या वादनातील प्रत्येक स्वराची उंची, काळ, लांबी आणि जोर यांत नंतर बदल करणे, यास मिडी स्वरनोंदींचे संपादन म्हणतात. वाजवलेले स्वर मात्रेच्या ठरावीक विभागांवर आपोआप आणून बसवण्याची क्रिया म्हणजे क्वांटायझेशन होय. क्यूबेस, लॉजिक प्रो, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर अशा संगीतनिर्मितीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. वादनातील लयदोष दूर करणे हा तिचा उद्देश आहे. मात्र दोष कोणता आणि लयीचा डौल कोणता, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तो निर्णय संपादन करणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

मिडी ही विद्युत वाद्ये व संगणक यांच्यात संदेशांची देवाणघेवाण करण्याची पद्धती १९८३ मध्ये प्रचारात आली. तिच्या निर्मितीबद्दल डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. लय आपोआप दुरुस्त करण्याची कल्पना याहून थोडी जुनी आहे. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या तालयंत्रात ती होती.

मिडी नोंदीत ध्वनी नसतो. भातखंडे स्वरलिपीतील पानावर जसा आवाज नसून केवळ कोणता स्वर कोणत्या मात्रेवर घ्यावा याची खूण असते, तसेच मिडीचे आहे. त्यामुळे नोंद बदलली तरी आवाजाचा दर्जा बिघडत नाही आणि एकच नोंद सतारीच्या किंवा बासरीच्या आवाजात ऐकता येते.

स्वरनोंदीचे घटक

प्रत्येक स्वरास ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे क्रमांक ६० आणि काळी एक म्हणजे ६१. क्रमांकात १२ मिळवले की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. काळी एक पट्टीत बसवलेली चाल काळी चार पट्टीत न्यायची असल्यास सर्व नोंदी निवडून त्यांत ७ मिळवले की काम होते. कळ किती जोराने दाबली गेली हे वेलॉसिटी या घटकावरून समजते. तिचे मूल्य १ ते १२७ असते. याशिवाय स्वराचा आरंभ व त्याची लांबी यांचीही नोंद होते.

या नोंदी ‘पियानो रोल’ नावाच्या आलेखात दिसतात. त्यात उभ्या दिशेने स्वराची उंची आणि आडव्या दिशेने काळ दाखवलेला असतो. प्रत्येक स्वर आडव्या पट्टीच्या रूपात दिसतो. पट्टी सरकवली की काळ किंवा स्वर बदलतो आणि तिचे टोक ओढले की लांबी बदलते. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोत छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी वापरीत. हे नाव तिच्यावरून पडले.

क्वांटायझेशनची रीत

सॉफ्टवेअर मात्रेचे अनेक सूक्ष्म भाग करते. त्यांस ‘टिक’ म्हणतात. एका मात्रेचे ४८० टिक मानू. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. मात्रेचे चार भाग निवडल्यास ०, १२०, २४० व ३६० या टिकांवर रेषा येतात. वादकाचा स्वर १३२ व्या टिकावर पडला असेल, तर तो सर्वांत जवळच्या रेषेवर, म्हणजे १२० वर नेला जातो. येथे दुरुस्ती १२ टिकांची, म्हणजे सुमारे साडेबारा मिलिसेकंदांची होते.

परंतु १२० वर अपेक्षित असलेला स्वर वादकाच्या हातून १९० व्या टिकावर पडला, तर २४० ची रेषा अधिक जवळची ठरते आणि स्वर चुकीच्या जागी जाऊन बसतो. दोष लहान असेल तर तो नाहीसा होतो, मोठा असेल तर वाढतो. म्हणून फार चुकलेला भाग पुन्हा वाजवणे किंवा तेवढे स्वर हाताने सरकवणे श्रेयस्कर ठरते.

प्रमाण व झोल

क्वांटायझेशन पूर्ण प्रमाणातच करावे असे नाही. ५० टक्के प्रमाण ठेवल्यास १३२ वरील स्वर १२० ऐवजी १२६ वर येतो. अशा वेळी दोष निम्मा उरतो आणि वादनातील जिवंतपणाही काही अंशी टिकतो. ‘स्विंग’ या सोयीने जोडीतील दुसरा स्वर थोडा उशिरा आणता येतो. दोन्ही स्वरांना समान वेळ असल्यास स्विंग ५० टक्के मानतात. सुमारे ६७ टक्क्यांवर पहिल्या स्वराला दोन व दुसऱ्याला एक भाग मिळून तिश्र जातीसारखा झोल निर्माण होतो.

भारतीय संगीतातील उपयोग

निवडलेले विभाग तालाशी जुळणे आवश्यक असते. तिश्र जातीतील बोल मात्रेच्या चार भागांवर बसवल्यास ठेक्याची मोडतोड होते. त्यासाठी मात्रेचे तीन भाग, म्हणजे ०, १६० व ३२० हे टिक निवडावे लागतात. सात मात्रांच्या रूपकात किंवा दहा मात्रांच्या झपतालात आवर्तनाची लांबीही आधी तशी ठरवून घ्यावी लागते; अन्यथा सम आलेखातील आवर्तनाच्या आरंभाशी जुळत नाही. मींड ही एका क्रमांकाची नोंद नसून सरकती क्रिया असल्याने ती ‘पिच बेंड’ या वेगळ्या संदेशाने दाखवतात. स्वर सरकवला आणि हा संदेश मूळ जागीच राहिला, तर मींड भलत्याच स्वरावर पडते.

सोलापूर जिल्ह्यासह दक्षिण महाराष्ट्रात मिरवणुकांत व कुस्तीच्या फडात वाजणारी हलगी हे यातील बोलके उदाहरण होय. ती दोन काड्यांनी वाजवतात. मुख्य आघाताच्या किंचित आधी दुसऱ्या काडीचा हलका आघात पडला की तिची खास कडकड ऐकू येते. कीबोर्डवर हलगीचा ठेका नोंदवताना मुख्य आघात ४८० वर आणि हलका आघात ४५६ वर असेल, तर चार भागांच्या पूर्ण क्वांटायझेशनने दोन्ही ४८० वर एकत्र येतात. गणिताच्या दृष्टीने ठेका निर्दोष होतो, पण कडकड नाहीशी होते. अशा वेळी हलके आघात निवडीतून वगळून केवळ मुख्य आघात क्वांटाइझ करणे योग्य ठरते.

मर्यादा

प्रत्यक्ष वाद्याच्या ध्वनिमुद्रणात मिडी नोंदी नसतात. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झालेल्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाच्या अजय-अतुल यांच्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले होते. अशा मुद्रणातील लय बदलायची झाल्यास ध्वनीचे तुकडे सरकवावे किंवा ताणावे लागतात. या क्रियेस ऑडिओ क्वांटायझेशन म्हणतात आणि तिने आवाजाच्या दर्जावर परिणाम होऊ शकतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये क्वांटायझेशन केल्यावरही मूळ काळ जपून ठेवला जातो, तर काहींमध्ये तो कायमचा बदलतो. बदललेली फाइल जतन करून बंद केल्यावर वादकाचे मूळ वादन परत मिळेलच असे नाही. त्यामुळे संपादनापूर्वी मूळ नोंदीची प्रत वेगळी ठेवणे आवश्यक असते.