छपराखालील रोपवाटिका : रायगड किनाऱ्यावर भाजीपाल्याच्या रोपांसाठी कोणती पद्धत सोयीची?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत भाताची कापणी आटोपली की शेतातील ओल फार दिवस टिकत नाही. पुढचा भाजीपाला प्रथम या ओलीवर आणि नंतर वाडीतील विहिरीवर उभा राहतो. समुद्रालगतच्या अनेक गावांत फाल्गुनाच्या सुमारास विहिरीचे पाणी खाली जाते, काही ठिकाणी ते मचूळही होते. म्हणून येथील भाजीचे पीक जानेवारी-फेब्रुवारीत जोमाने फळावर असणे अगत्याचे आहे. वांग्याचे रोप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेतात गेले, तर जानेवारीत पहिला तोडा मिळतो. तेच बी कापणीनंतर वाफ्यावर टाकले, तर रोप तयार होण्यास डिसेंबर उजाडतो आणि तोडा फेब्रुवारी उलटताना येतो. हे पाच-सहा आठवडे वाचविणे किंवा गमावणे हे सर्वस्वी रोपवाटिकेवर अवलंबून आहे.

कापणीच्या दिवशी रोप तयार हवे असेल, तर बी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी पडावयास पाहिजे. नेमका हाच काळ परतीच्या पावसाचा. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या, त्यांत मुंबई येथील परतीची सरासरी तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर अशी धरली आहे. सबब, उघड्यावर टाकलेल्या बियाण्यावर एक-दोन जोरदार सरी येणार हे गृहीतच धरले पाहिजे. वांगी, टोमॅटो व मिरची यांचे बी जमिनीत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल असते. एका सरीत ते उघडे पडते किंवा वाहून जाते.

थंड देशांत भाजीचे बी घरात रुजविण्याची रीत आहे. तेथे हिमतुषार संपण्यापूर्वी सहा-आठ आठवडे बी उबदार खोलीत रुजवितात, कधी पेटीखाली उष्णताही देतात. ही माहिती वाचून काही हौशी मंडळी येथेही पेटीवर काच किंवा प्लॅस्टिक घट्ट बसवितात. आपल्या किनाऱ्यावर तसे करण्याचे कारण नाही. वांगी-टोमॅटोच्या बियांस उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आपल्याकडे आयतेच असते. छप्पर आपणांस हवे ते पाऊस बाहेर ठेवण्यासाठी, ऊब आत कोंडण्यासाठी नव्हे. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील पद्धतींपैकी कोणती कोठे घ्यावी हे आपोआप कळू लागते.

रोपे कोलमडण्याचा रोग

दमट, कोंदट जागेत रोपांचा खरा शत्रू म्हणजे कोलमडण्याचा रोग. पिथियम व तत्सम बुरशी जमिनीतच असतात. माती सतत ओली राहिली, रोपे दाट असली आणि वारा खेळत नसला की रोपाचा जमिनीलगतचा भाग पाणचट होऊन दबतो व रोप आडवे पडते. सायंकाळी हिरवागार दिसलेला वाफा सकाळी ठिकठिकाणी टक्कल पडल्यासारखा दिसतो. एकदा आडवे पडलेले रोप पुन्हा उभे राहात नाही. यास्तव उपाय पेरणीआधीच योजावेत. बी पातळ टाकावे, जास्तीचे पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी आणि किलोस ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी. रोग दिसताच पाणी तोडून, १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते रोपांच्या बुडाशी ओतावे.

आपल्या वाडवडिलांचा राब हाही काही अंशी याच दुखण्यावरचा इलाज होता. शेण, पाला व कवळे जाळल्याने वरच्या थरातील तणाचे बी व रोगकारक बुरशी मरत आणि राखेचे खत मिळे. राबासाठी लागणाऱ्या पाल्यावरून ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत सरकार व शेतकरी यांच्यात एवढा वाद माजला, की १८८० नंतरच्या दशकात मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. आज पाला जाळण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्याची माती ओली करून तीवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे व कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. उन्हाने तापलेली ती ओली माती राबाचेच काम करते, शिवाय तिच्यातील सेंद्रिय द्रव्य जळत नाही.

मांडवाखालील गादीवाफा

सर्वांत स्वस्त व सर्वांच्या परिचयाची पद्धत हीच. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच करावा. किनाऱ्यावर तो २० सेंटिमीटर उंच केला तरी हरकत नाही. दोन ओळींत १० सेंटिमीटर अंतर ठेवून बी ओळीतच टाकावे. फोकून टाकल्यास रोपे दाट होतात व वर सांगितलेला रोग हमखास येतो. वाफ्यावर बांबूच्या कमानी करून पारदर्शक प्लॅस्टिक टाकावे आणि दोन्ही बाजू जमिनीपासून हातभर मोकळ्या ठेवाव्यात.

नारळाच्या झापांचा मांडव पुष्कळ ठिकाणी करतात. तो उन्हाळ्यात ठीक, पावसात मात्र झापांतून गळणारे मोठे थेंब सरीपेक्षाही अधिक नुकसान करतात. हिरव्या सावलीच्या जाळीबाबतही हेच म्हणता येईल. ती ऊन अडविते, पाऊस अडवीत नाही.

पांढऱ्या कांद्याच्या बाबतीत गादीवाफ्यास पर्याय नाही, हे अलिबाग तालुक्यातील कार्ले-खंडाळे भागातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. १५ × १० सेंटिमीटर अंतराने एका गुंठ्यास सुमारे ६,७०० रोपे लागतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये ती वाढवावयाची म्हटली, तर एका गुंठ्यास ६८-६९ ट्रे मांडावे लागतील! कांद्याचे बी मात्र दमट हवेत लवकर निर्जीव होते. गेल्या वर्षाचे बी उगवेल असा भरवसा धरू नये.

पडवीतील टोपली व खोके

परसबागेस किंवा दोन-चार गुंठ्यांच्या लागवडीस ही पद्धत पुरेशी आहे. बांबूची टोपली किंवा फळांचे लाकडी खोके घ्यावे, तळाशी भोके किंवा फटी असाव्यात. गाळाची माती, रेती व चांगले कुजलेले शेणखत समभाग मिसळून ८ सेंटिमीटर थर भरावा. पाऊस आला की खोके उचलून आत घेता येते, हा मोठा फायदा. दोन खरी पाने आली की रोपे ५ सेंटिमीटर अंतरावर दुसऱ्या खोक्यात विरळ लावावीत.

या पद्धतीत एक चूक सर्रास आढळते. बी उगवल्यानंतरही खोके पडवीच्या आतल्या अंगास ठेवतात. घटस्थापनेच्या दिवशी देवघरात पेरलेले धान्य आपण दरवर्षी पाहतो. नऊ दिवसांत ते वीतभर वाढते, पण पिवळे व लुसलुशीत असते. पूजेस ते शोभते. वांग्याचे रोप तसे झाले तर शेतात उभे राहणार नाही. उजेडाच्या शोधात उंचावलेल्या रोपाचे खोड नाजूक राहते आणि रोगासही तेच प्रथम बळी पडते. बी रुजेपर्यंत अंधार चालतो, पहिला कोंब दिसताच मात्र खोके पारदर्शक छपराखाली, भरपूर उजेडात आणावे. पागोळ्यांखाली ते राहणार नाही एवढे पाहावे. त्या पागोळ्यांचे पाणी पिंपात साठविले तर फार उत्तम. ज्यांच्या विहिरीस खारटपणा आहे त्यांनी कोवळ्या रोपांस तेच गोडे पाणी घालावे.

वेलभाज्यांसाठी पिशव्या व करवंट्या

काकडी, शिराळी, पडवळ, कारली, दुधी यांच्या मुळांस धक्का सोसत नाही. यांचे रोप वाफ्यातून उपटून लावू नये. प्रत्येक बीस स्वतंत्र घर द्यावे आणि ते घर मोडून मातीसह रोप खड्ड्यात बसवावे. प्लॅस्टिकच्या लहान पिशव्या सोयीच्या असल्या, तरी सुपारीच्या गळलेल्या विरीचे किंवा पानांचे द्रोण तेवढेच काम देतात व जमिनीत कुजून जातात. नारळाची करवंटी भोक पाडून वापरतात, परंतु ती उथळ असल्याने बारा-पंधरा दिवसांपलीकडे रोप तीत ठेवू नये.

वेलभाज्यांचे बी आधी मोडवून घ्यावे. वालाचे बिरडे करताना वाल भिजवून फडक्यात बांधतात, तेच करावयाचे. काकडी-शिराळ्याचे बी एक रात्र आणि कारल्याचे जाड कवचाचे बी पुरे चोवीस तास भिजवावे. मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबेस ठेवावे. मोड बीच्या लांबीइतका होण्याआधीच ते पिशवीत लावावे, लांब झालेला मोड हाताळताना मोडतो. खारपट्टीत भाताचे रहू टाकणाऱ्यास ही सावधगिरी ठाऊकच आहे. पावसाळी वेलांसाठी अशा पिशव्या मेच्या शेवटच्या आठवड्यात भराव्यात. जूनमधील पहिल्या झोडीत बी कुजण्याची भीती मग राहात नाही, वेल मांडवाच्या खांबाशी तयारच असतो.

प्लॅस्टिक ट्रे व काथ्याचा भुसा

या पद्धतीत प्रत्येक कप्प्यात एक बी पडते, मुळांचा गड्डा अखंड निघतो आणि लावणीनंतर रोप कोमेजत नाही. टोमॅटोचे रोप २१ ते २५, वांग्याचे २५ ते ३० व मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत तयार होते.

खर्चाचा हिशेब मात्र प्रत्येकाने आपापला करावा. दहा गुंठे वांगी ७५ × ६० सेंटिमीटर अंतराने लावावयाची, तर सुमारे २,२५० रोपे लागतात. मर धरून २६ ट्रे भरावेत. एका ट्रेस सुमारे सव्वा किलो भुसा धरला तर तो ३२-३३ किलो होतो. वांग्याच्या एका ग्रॅमात दोनशे ते अडीचशे बिया असतात, म्हणजे बी १० ते १३ ग्रॅम पुरते. सरळ वाणाचे बी गादीवाफ्यावर टाकण्याची शिफारस हेक्टरी ४०० ते ५०० ग्रॅम आहे, म्हणजे दहा गुंठ्यांस ४० ते ५० ग्रॅम. घरचे किंवा सरळ वाणाचे बी असेल, तर हे जास्तीचे ३०-३५ ग्रॅम फारसे जड जात नाहीत आणि दोन गादीवाफ्यांत काम भागते. संकरित बी मोजून विकत घ्यावे लागते, तेथे ट्रेचा खर्च बियाण्याच्या बचतीतच निघतो. घरच्या बियाण्यासाठी ट्रे विकत घेण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरू नये, असे आमचे मत आहे.

काथ्याच्या भुशाबद्दल येथे थोडे अधिक सांगणे जरूर आहे. नारळ आपल्या दारचा, म्हणून भुसाही दारचाच वापरावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु नारळाच्या सोडणांत मुळातच क्षार असतात आणि खाडीच्या पाण्यात कुजविलेल्या सोडणांचा भुसा तर फारच खारट असतो. असा भुसा कोरा वापरल्यास बी रुजते, पण पानांच्या कडा करपतात व वाढ खुंटते. तो गोड्या पाण्यात भिजवून पिळावा व हे निदान तीनदा करावे. शेवटचे पाणी रंगाने फिके आले पाहिजे. भुशात अन्नद्रव्य नसल्यासारखेच असते, म्हणून पहिले खरे पान आल्यावर पातळ खतपाणी द्यावे लागते. मातीच्या वाफ्यावर वाढलेल्या शेतकऱ्याच्या हातून हीच गोष्ट प्रथम सुटते.

ट्रे भरून पाणी दिल्यावर एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात. उगवण सुरू होताच ते झाकण काढावे. टोमॅटो पाच-सहा दिवसांत, मिरची आठ ते बारा दिवसांत उगवते, म्हणून दोन्हींचे ट्रे एकाच रासेत ठेवू नयेत. टोमॅटो व मिरचीवर पांढऱ्या माशीमुळे पाने मुरडण्याचा विषाणू रोग येतो, त्यासाठी छपराच्या बाजूंस बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी लावणे इष्ट. जाळीने वारा थोडा अडतो, म्हणून अशा ठिकाणी पाणी बेतानेच द्यावे.

गावात करून पाहावयाची तुलना

पद्धत कोणतीही असो, बियाणे आधी तपासावे. शंभर बिया ओल्या फडक्यात रुजत घालाव्यात. प्रमाणित बियाण्यात वांगी, टोमॅटो व कांदा यांची किमान उगवण शेकडा ७० व मिरचीची ६० असावी लागते. त्याहून बरीच कमी भरली तर दोष पद्धतीचा नव्हे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावातील एकाच शेतकऱ्याकडे, एकाच पुडीतील शंभर-शंभर वांग्याच्या बिया वाफ्यात, खोक्यात व ट्रेमध्ये एकाच दिवशी टाकून पाहाव्यात. दहाव्या दिवशी उगवलेली रोपे मोजावीत, लावणीच्या दिवशी लावण्यायोग्य रोपे मोजावीत आणि शेतात गेल्यावर पंधरा दिवसांनी जिवंत राहिलेली मोजावीत. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा लिहावयाचा राहतो. लावणीपूर्वी चार-पाच दिवस तिन्ही ठिकाणचे पाणी कमी करावे व छप्पर दिवसा काढून रोपांस ऊन-वारा दाखवावा. लावणी सायंकाळी करावी. वाफ्यातील रोपे उपटण्यापूर्वी वाफा तासभर आधी भिजवावा, ट्रेमधील गड्डा मात्र ओलसर असला तरी टिपकत नसावा. रिकामे झालेले ट्रे धुऊन सावलीत ठेवावेत. उन्हात पडलेला ट्रे लवकर ठिसूळ होतो आणि खर्चाचा वरील हिशेब मग जुळत नाही.