निरोपापूर्वी किल्ल्या

सरकारी कचेरीतल्या अभिलेखपालाची बदली झाली, म्हणजे दप्तराची यादी आणि कपाटांच्या किल्ल्या ताब्यात घेतल्यावाचून त्याला कोणी कार्यमुक्त करीत नाही. हा नियम मी नोकरीत नित्य पाळीत आलो. घरच्या संगणकापुढे मात्र तो विसरलो.

माहितीच्या प्रती राखणारे, म्हणजे 'बॅकअप' घेणारे एक सॉफ्टवेअर माझ्या विंडोज संगणकावर होते. मुदत संपली तरी ते काही केल्या निघेना. वैतागून मी त्याचे फोल्डर आणि ड्रायव्हरच्या फायली हातानेच पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो निळा पडदा! आणि माझ्या वडिलांच्या पत्रांची छायाचित्रे त्याच संगणकात होती.

असे का व्हावे? सामान्य प्रोग्रॅम विंडोजच्या आश्रयाने वरच्या वर काम करतो. बॅकअपवाल्याला मात्र उघड्या, बदलत्या फायलींचीही नक्कल हवी असते. म्हणून तो पुष्कळदा विंडोज आणि डिस्क यांच्या वाटेतच आपला ड्रायव्हर बसवतो, आणि रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' किंवा 'लोअरफिल्टर्स' या नोंदीत त्याचे नाव घालतो. संगणक सुरू होताना विंडोज त्या यादीतल्या प्रत्येकाला हाक मारते. नाव आहे पण फाइल नाही, असे झाले की डिस्कपर्यंतची वाटच तुटते. मी नेमके तेच केले होते. विंडोजने आपण होऊन राखलेला एक जुना रिस्टोअर पॉइंट सुदैवाने शिल्लक होता. त्याच्या आधारे यंत्र पुन्हा उभे राहिले.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम किल्ल्या: अशी कित्येक सॉफ्टवेअरे प्रती स्वतःच्याच सांकेतिक स्वरूपात ठेवतात, आणि त्या दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत. म्हणून हव्या त्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर मोकळ्या काढून घ्याव्या, आणि त्यांतल्या काही उघडून पाहाव्या. मग रिस्टोअर पॉइंट करावा. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

त्यानंतर सॉफ्टवेअरची ठरलेली कामे थांबवून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून ते काढावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही ते हटले नाही, तर त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर चालवून आधी दुरुस्ती करावी आणि मग काढावे. बिघडलेल्या सूचना दुरुस्त झाल्यावर पुष्कळदा ते मुकाट्याने जाते. नाहीतर उत्पादकाचे सफाईचे साधन किंवा मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर वापरावा. सेफ मोडचा सल्ला अनेक जण देतात; परंतु विंडोज इन्स्टॉलर ही सेवा तेथे सहसा चालत नाही, हे ध्यानात असावे.

रजिस्ट्रीला हात लावणे हा अखेरचा उपाय, आणि तोही तिची प्रत घेऊनच. यादीतून आधी त्या परक्या ड्रायव्हरचे नाव काढावे, फाइल त्यानंतर. सगळी नोंद पुसू नये, कारण 'व्होल्सनॅप'सारखी विंडोजची स्वतःची नावेही तेथेच असतात. कोणते नाव कोणाचे हे ओळखता येत नसेल, तर येथे थांबून जाणत्याला बोलवावे.

वडिलांची पत्रे आता दोन निराळ्या डिस्कांवर आहेत; दुसरी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी असते.