विखुरलेल्या पाहुणेघरांस इंटरनेटची जोडणी

आंब्याचे उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येते. मोहोर गळाला किंवा अवकाळी पावसाने फळ डागाळले, की त्या वर्षाचा हिशेब कोलमडतो. म्हणून कोकणातील अनेक बागाईतदारांनी बागेतच दोन-चार खोल्या बांधून शहरातील कुटुंबांस उतरविण्याचा जोडधंदा पत्करला आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून या धंद्यास नोंदणीची सोय झाली आहे.

पाहुण्यास बागेतील सावली हवी असते आणि घरचे साधे जेवण हवे असते. परंतु येण्यापूर्वी तो एक प्रश्न हमखास विचारतो, तो म्हणजे वायफाय आहे काय? कोणास सकाळी दोन तास कचेरीचे काम करावयाचे असते, तर कोणास घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांशी बोलावयाचे असते. जेथे दरीमुळे मोबाइलची रेंज पोचत नाही, तेथे वायफाय हाच बाहेरच्या जगाशी संबंध राखण्याचा मार्ग असतो. ही सोय नीट नसेल तर पाहुणा पुन्हा येत नाही. आणि ती चुकीच्या रीतीने केली तर शेतकऱ्याचा पैसा दोनदा खर्च होतो. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी आरंभीच योग्य पद्धत समजून घेणे हितावह होय.

वाऱ्यावर किती विसंबावे?

दापोलीकडील उतारावरची एक वाडी उदाहरणादाखल घ्यावी. शेतकऱ्याचे राहते घर रस्त्याकाठी आहे. पहिले पाहुणेघर घरापासून ६० मीटरवर, दुसरे १४० मीटरवर, आणि तिसरे खाली वहाळाजवळ २५० मीटरवर आहे. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत आणि मध्ये कलमांची दाट झाडी आहे. इंटरनेटची जोडणी राहत्या घरी आली आहे.

अशा ठिकाणी बहुधा पहिला विचार येतो तो घरावर एक जबर शक्तीचा राउटर बसविण्याचा. तो उपयोगी पडत नाही. वायफायच्या लहरी जाड दगडी भिंतीत क्षीण होतात आणि पत्र्यावरून परततात. पानांतील पाणी त्या शोषून घेते. पावसाने झाडी भिजली म्हणजे अडथळा आणखी वाढतो. शिवाय राउटरचा आवाज मोठा केला, तरी पाहुण्याच्या हातातील लहान फोनचा आवाज मोठा होत नाही. फोनला राउटर ऐकू येतो, पण राउटरला फोन ऐकू येत नाही. फोनवर जोडणीची खूण पूर्ण दिसते आणि काम मात्र काहीच होत नाही.

दुसरा विचार येतो तो मध्ये मध्ये रिपीटर बसविण्याचा. साधा रिपीटर एकाच लहरीवर आधी ऐकतो व मग तेच पुन्हा बोलतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वेग सुमारे निम्मा होतो. दोन टप्प्यांनंतर शेवटच्या घरास चौथा हिस्साच उरतो.

दोन इमारती एकमेकींस स्पष्ट दिसत असतील, तर दोन्हींवर समोरासमोर अँटेना बसवून बिनतारी दुवा जोडता येतो व तो चांगले काम देतो. मात्र मध्ये फांदी येता कामा नये. आज मोकळी असलेली वाट तीन वर्षांनी कलमे वाढल्यावर मोकळी राहील काय, हा विचार बागाईतदाराने आधीच करावा.

काचतंतू हाच खात्रीचा मार्ग

प्रत्येक इमारतीपर्यंत केबल न्यावी आणि वायफायचे काम फक्त इमारतीच्या आत ठेवावे, हे या विषयातील मुख्य सूत्र होय. पाणी जसे पाइपने झाडाच्या बुंध्याशी नेऊन तेथेच ठिबकते सोडावे, तसेच हे आहे.

नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. म्हणजे वरील वाडीत दुसऱ्या व तिसऱ्या घरासाठी ती बाद होते. पहिल्या घरापर्यंत ती पोचते. परंतु दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबे नेणे धोक्याचे आहे. वळवाच्या व परतीच्या पावसात जवळपास वीज पडली, की तांब्याच्या तारेतून विजेचा झटका दोन्हीकडील यंत्रे जाळू शकतो. काचेच्या तंतूची ऑप्टिकल फायबर केबल प्रकाश वाहून नेते, वीज वाहून नेत नाही. तिला अंतराची अडचणही नाही; काही किलोमीटरपर्यंत ती सहज चालते. खरेदी करताना आत धातूची तार वा चिलखत नसलेली, बाहेरच्या वापरासाठी बनविलेली केबल मागावी. टोके जोडून तयार मिळणारी केबल घेतल्यास सांधणीचे यंत्र लागत नाही. दोन्ही टोकांस मीडिया कन्व्हर्टर नावाची लहान पेटी लागते. ती प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतात करते.

राहत्या घरापासून प्रत्येक पाहुणेघरास स्वतंत्र केबल न्यावी. एका घरातून दुसऱ्या घरात अशी साखळी केल्यास मधली पेटी बंद पडताच पुढील सर्व घरे बंद पडतात.

चर खणताना

चराचे काम पावसाळ्यापूर्वी, शक्यतो ठिबकच्या पाइपांबरोबरच उरकावे. मजुरी एकदाच पडते. चर सुमारे दोन फूट खोल असावा, म्हणजे कुदळ व नांगर लागत नाही. झाडांची मुळे वाचविण्यासाठी तो पायवाटेच्या कडेने न्यावा. केबल उघडी न पुरता एचडीपीई पाइपात घालावी. उंदीर-घुशींपासून तिचे रक्षण होते. वळणे गोलाकार ठेवावीत, कारण काटकोनात वाकविल्यास काचतंतू तुटतो. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी; पुढे दुसरी केबल ओढावयास ती कामी येते. चर बुजविण्यापूर्वी अंतरे मोजून कागदावर नकाशा काढावा व फोटो घ्यावेत.

घरातील मांडणी व वेग

प्रत्येक पाहुणेघरात एक अ‍ॅक्सेस पॉइंट छताजवळ, मध्यावर बसवावा. सर्व घरांत वायफायचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा. म्हणजे पाहुणा एका घरातून दुसऱ्यात गेला तरी त्याचा फोन आपोआप जोडला जातो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात मात्र शेजारच्या घरांस १, ६ व ११ असे निरनिराळे चॅनेल द्यावेत.

वेगाचा अंदाज साधा आहे. स्पष्ट चित्रपटास सुमारे ५ मेगाबिट लागतात. तीन घरांत मिळून बारा पाहुणे असतील आणि त्यांतील आठजण एकाच वेळी पाहत असतील, तर ४० मेगाबिट पुरेत. १०० मेगाबिटची जोडणी अशा वाडीस भरपूर होते. तथापि एकट्यानेच सर्व पाणी वळवून घेऊ नये, म्हणून राउटरमध्ये प्रत्येक फोनास वेगाची मर्यादा घालावी. घेतलेली योजना पाहुण्यांस वापरू देण्यास चालते की नाही, हे सेवा देणाऱ्या कंपनीस आधीच विचारावे.

पाहुण्यांची वाट वेगळी

ज्या जोडणीवर शेतकऱ्याचे बँकेचे व्यवहार व घरचे कॅमेरे चालतात, तीच पाहुण्यांस देऊ नये. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करण्याची सोय असते. ती चालू करावी. पाहुण्यांचे फोन एकमेकांस दिसू नयेत, अशीही व्यवस्था करावी. राउटरबरोबर आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

जोडणी कधीही उघडी ठेवू नये. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायमधून धाडण्यात आला होता आणि त्या घरात राहणाऱ्यास पोलीस चौकशीस तोंड द्यावे लागले. गैरवापर कोणीही केला, तरी पहिला प्रश्न ज्याच्या नावे जोडणी आहे त्यास विचारला जातो. म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ संरक्षण ठेवावे, पाहुण्यांची नोंदवही नीट लिहावी व परवलीचा शब्द वरचेवर बदलावा.

वीज गेल्यावर

कोकणात पावसाळ्यात वीज वारंवार जाते. राहत्या घरचा राउटर चालू असला, तरी पाहुणेघरातील पेटी बंद झाल्यास पाहुण्यास उपयोग नाही. म्हणून प्रत्येक पेटीस तिच्या व्होल्टेजची लहान बॅटरी जोडावी. झटक्यापासून रक्षण करणारे साधन व चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यास प्रथम टेप घेऊन अंतरे मोजावयास लावावे आणि मगच बाजारात पाठवावे. पाइपलाइन टाकण्यापूर्वी उतार पाहणारा शेतकरी येथेही तीच शिस्त पाळील, तर एकदा पुरलेली केबल त्यास कित्येक हंगाम साथ देईल.